बोरूखालची जमीन

३ फेब्रुवारी, सोमवार

लेका,

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र निदान दाराच्या फटीतून आत तरी पडतं. फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागेल, तेवढंही मला पुष्कळ आहे.

बातमी अशी की तुझी मुलगी माझ्याकडे राहते आहे. झालं, सांगून टाकलं. आता जरा टेक कुठेतरी.

मी तिला बोलावलेलं नाही. गेल्या मंगळवारी दारावर टकटक झाली. मला वाटलं मीटर बघणारा आला, म्हणून आतूनच ओरडले की मीटर बाहेरच आहे, डोळे उघडून बघा. तर बाहेरून हसण्याचा आवाज. हुबेहूब तुझ्या बाबांचं हसणं, नाकातून सुरू होणारं. दार उघडते तर पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पाठीवर पिवळी पेटी, हातात माणसाहून उंच काठी. ती बारा वर्षांची असताना तू तिला मनगटाला धरून इथून ओढत नेलंस. आता तेवीसची आहे आणि दारातून आत येताना वाकते. उंची तुझी नाही, तुझ्या बाबांची आहे.

ती नदी मोजायला आली आहे. विमानातून. मी आधी म्हटलं, थट्टा करतेस म्हातारीची. पण खरंच. त्यांची कंपनी विमान उडवते, विमानाच्या पोटातून खाली उजेड मारतात, तो जमिनीला लागून परत येतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून जमीन किती खाली आहे ते कळतं. एका सेकंदात लाखो वेळा. मी विचारलं, मोजतं कोण? म्हणाली यंत्र. म्हटलं बरं आहे, मला तर चौथीपर्यंत पाढेच जमले नाहीत, म्हणून तर शाळेने सोडलं.

ती विमानात बसत नाही. ती खालची. नदीकाठी जागोजागी पांढऱ्या पाट्या मांडायच्या, त्या वरून दिसतात. मग काठी रोवून तिथली खरी उंची घ्यायची, म्हणजे वरच्याचं आणि खालच्याचं जुळतं की नाही ते कळतं. तिचे बाकीचे लोक पुलापाशी विश्रामगृहात उतरले आहेत. ही म्हणाली, माझी आजी इथेच असताना मी खाटेचं भाडं का भरू. तुला सांगितलेलं नाही तिने. मी सांगते आहे. मला आनंद झालेला बघवत नसेल तर नको बघूस.

हे सगळं कशासाठी, तेही लिहिते. पूर आला तर पाणी कुठे कुठे शिरेल याचा नकाशा करायचा आहे. जिथे शिरेल ती घरं पावसाच्या आधी उठवणार. आपली गल्ली त्यातच येते, एकोणीस घरं. सध्या सगळे देव पाण्यात घालून बसले आहेत, आणि इतकी वर्षं माझ्याकडे न फिरकणारे साखर मागायला येत आहेत, कारण मोजणारी माझ्या घरी झोपते.

तुझे बाबा त्या पुरात कसे गेले, ते तिने विचारलं. मी सांगितलं पाय घसरला. सगळ्या गल्लीला जे माहीत आहे तेच सांगितलं. तू तिला काय सांगितलं आहेस ते मला ठाऊक नाही, पण ती माझ्याशी नीट बोलते, त्यावरून फारसं सांगितलेलं दिसत नाही.

तुझी आई (हे तरी खोडू नकोस)


१२ फेब्रुवारी, बुधवार

लेका,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच.

विमान चार दिवस उडत होतं. काय सांगू. घराला रंग देणारा कसा एका पट्ट्यावर दुसरा पट्टा थोडा चढवत जातो, तसं नदीवरून खाली जायचं, वळायचं, परत वर यायचं. मधे जागा सुटता कामा नये. मी गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे. पहिल्या दिवशी हात हलवला. तुझी मुलगी म्हणाली, आजी, तू पण मोजली गेलीस, नदीकाठी एक म्हातारी, उंची चार फूट नऊ.

समोरच्या शिंपिणीने चार दिवस गच्चीवर कपडे वाळत घातले नाहीत. तिला कोणीतरी सांगितलं की हा उजेड आरपार जातो. न्हाणीघराच्या पत्र्यावर तिने गोधडी अंथरली. मी म्हटलं, अगं बाई, आपल्याला बघायला विमान कशाला उडवतील, चालत येऊन बघा म्हटलं तरी कोणी येणार नाही. तिचा नवरा ठार बहिरा, त्याला विमानाचं काही कळलंच नाही. तो विचारत होता सगळे वर का बघताहेत.

परवा तुझ्या मुलीने मला नकाशा दाखवला. लॅपटॉप माझ्या पोळपाटावर ठेवला, कारण टेबल डुगडुगतं. (तूच पाय तोडला होतास त्याचा, क्रिकेट खेळताना, आणि आळ बाबांवर घातला होतास.) आधी सगळं दिसलं, झाडं, छपरं, विजेचे खांब, ठिपक्या-ठिपक्यांचं. मग तिने एक कळ दाबली आणि झाडं गेली. नुसती उघडी जमीन. म्हणाली उजेडाचे काही कण पानांना लागून परत येतात आणि काही पानांच्या फटीतून खाली जातात, शेवटी जो परत येतो तो जमिनीचा. बाकीचे वेचून काढून टाकायचे, तांदळातले खडे काढतो तसे. म्हटलं, आणि नदी? तर पाण्यासाठी वेगळा हिरवा उजेड आहे, तो पाण्यात शिरतो आणि तळापर्यंत जातो, पाणी गढूळ नसेल तर. म्हणून पावसाच्या आधी मोजतात.

किती हुशार झाली आहे रे. तू तिला शिकवलंस, हे कबूल करते. बाकी काही कबूल करत नाही.

नकाशात खोल ते निळं, उंच ते तपकिरी. आपली गल्ली पिवळी. आणि गल्ली आणि नदीच्या मधे एक जाड तपकिरी रेघ, सरळ, कुठे तुटलेली नाही. ती म्हणाली, हा आजोबांचा बांध ना? मी म्हटलं हो.

मला रडू आलं. ती समजली आनंदाने.

आई


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लेका,

हे पत्र नीट वाच. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. कांदे आणायला सांगितले तरी तू विसरायचास, म्हणून मागायची सवयच मोडली. आज मागते आहे.

बोरूचं बन तुला आठवत असेल. बांध होता तिथे. अकरा वर्षांत ते इतकं माजलं आहे की कुत्रं शिरत नाही. कोणी कापत नाही, मी कापू देत नाही. तुझी मुलगी म्हणते, एवढ्या दाट बोरूत उजेड खाली पोचतच नाही. वरच्या वर, पडलेल्या पाचोळ्याला आपटून परत येतो, आणि यंत्राला वाटतं हीच जमीन. म्हणून अशा जागी आत शिरून काठी रोवायचा नियम आहे. निदान चार ठिकाणी.

सोमवारी ती बूट चढवून निघाली. मी दारात आडवी झाले. म्हटलं आत साप आहेत, चिखल माणूस गिळतो, आणि मी काय वेडी आहे का, चाळीस वर्षं या काठावर काढली, आत काय आहे ते मी सांगते की. आत बांध आहे. तुझ्या आजोबांनी घातलेला, दगडी, पुरुषभर उंच. ती थांबली. आजीचं ऐकलं. काठी खाली ठेवली आणि वहीत लिहिलं, मला वाचून दाखवलं, स्थानिक माहितीनुसार बांध अस्तित्वात. माझं बोलणं सरकारी कागदावर. शेजारीपाजारी सांगून आले मी.

आपल्यात लपवण्यासारखं काय आहे. तिथे बांध नाही हे दोघांनाच माहीत आहे, तुला आणि मला. बाकीची गल्ली पुराच्या त्या दिवशी टेकडीवर होती. परत आले तेव्हा सगळीकडे गाळच गाळ, मग बोरू आला, आणि मी सांगितलं बांध खाली आहे, तर का नाही विश्वास ठेवणार? गवंड्याची बायको सांगते. विधवेला कोण म्हणतं, दाखव.

आणि आता यंत्राने पण माझीच बाजू घेतली. वरून बघितलं तरी बांध दिसतो. मी काय करू त्याला?

पण तिच्या वरचे साहेब म्हणाले की नुसत्या आजीच्या सांगण्यावर चालणार नाही. एक तर काठी रोवा, नाही तर आणखी एक माहीतगार माणूस आणा. ती मला म्हणाली, मग बाबांना विचारते, ते इथेच वाढले. ती तुला फोन करेल, चार-आठ दिवसांत.

तू हो म्हण. एवढंच. आहे बांध, म्हण. उठवलेल्यांसाठी टेकडीवर खोल्या बांधल्या आहेत, मला तिथे जायचं नाही. तिथे एकेका मजल्यावर आठ दारं आहेत, सगळी एका रंगाची, मी चुकून दुसऱ्याच्या घरात जाऊन झोपेन. हे घर तुझ्या बाबांनी उभं केलं आहे. मी इथून गेले तर काय म्हणून जाऊ? त्यांचा बांध टिकला नाही म्हणून?

तुझा माझ्यावर राग आहे, तो ठेव. त्याबद्दल मी काही मागत नाही.

आई


३ मार्च, सोमवार

तुला पत्र लिहिताना आज वर काही लिहावंसं वाटत नाही.

काल तिने फोन लावला, मी समोर चहा घेऊन बसले होते. आवाज मोठा करून ठेवला तिने, मला ऐकू यावा म्हणून. अकरा वर्षांनी तुझा आवाज. जाड झाला आहे. तिने सांगितलं मी आजीकडे आहे, तुला जराही नवल वाटलं नाही, म्हणजे माझी पत्रं पोचली होती. मग तिने बांधाचं विचारलं.

तू म्हणालास, "आहे ना. पक्का आहे. तिला म्हणावं, सुखाने राहा तिथेच."

आणि ठेवलास.

ती खूश झाली. म्हणाली बघ आजी, झालं काम. वही काढून लिहायला लागली. मी कप उचलून मोरीवर विसळायला नेला.

मी मागितलं तेच तू दिलंस. आयुष्यात पहिल्यांदा, न विसरता. आणि मला रात्रीपर्यंत कळेना की त्यात मला एवढं काय लागलं. मला वाटलं होतं तू चिडशील. ओरडशील, खोटारडी म्हणशील, ये म्हणशील इथे, मरायचं आहे का तुला. मी तयारी करून बसले होते, काय उत्तर द्यायचं ते सुद्धा ठरवलं होतं. तू म्हणालास सुखाने राहा. तुला माहीत आहे पाणी कुठून येतं. तुझ्याएवढं कोणालाच माहीत नाही.

मी अकरा वर्षं खोटं बोलते आहे. तू एकदाच बोललास, पण माझ्या सगळ्या खोट्याला पुरून उरलास. शेवटी मुलगा कोणाचा.

की तू माझी दया केलीस? तेही असेल. म्हातारीला पाहिजे ते देऊन टाका. मला तेही नको आहे.

ऐक आता. तू त्या दिवशी बाहेर हातगाडी भरत होतास. तू म्हणाला होतास तो बांध तासभर टिकणार नाही. तुझे बाबा तुझं ऐकणार होते. वहाणा घालून उभे होते ते. अडकवलेली पिशवी खांद्यावर होती. मी म्हटलं, पोराच्या म्हणण्यावर स्वतःचं बांधकाम टाकून पळणारा गवंडी मी अजून पाहिला नाही. जा, बांध बघून या, मग ठरवू. त्यांनी पिशवी काढली. वहाणा काढल्या, चिखलात घसरतात म्हणून. आणि गेले.

पाय घसरला नाही त्यांचा. पायाखालचं गेलं.

तू हे ऐकलं होतंस. तू गल्लीभर ओरडलास की आईने पाठवलं त्यांना, आणि मी म्हटलं हा पोरगा शोकाने वेडा झाला आहे. सगळ्यांनी माझं खरं मानलं. मी पाठवलं. घे. पाहिजे होतं ना लिहून?

तू मला बुडायला सोडलंस, ते आपल्या दोघांत राहू दे. पण समोर शिंपीण आहे, तिच्या नवऱ्याला भोंगा वाजला तरी ऐकू येणार नाही. एकोणीस घरं माझ्या शब्दावर नकाशात पिवळी राहणार, कोणी उठवणार नाही त्यांना. आणि तुझी मुलगी? उद्या पाणी आलं तर वहीत सही तिची आहे. हा विचार तू केलास का? मी पण केला नव्हता. म्हणजे बाबांना मी बांधावर पाठवलं, तसं आपण दोघांनी मिळून तिला पाठवलंच की.


५ मार्च, बुधवार

लेका,

काल सकाळी चहा झाल्यावर तिला म्हटलं, काठी घे. म्हणाली आता कशाला, बाबांनी सांगितलं ना. म्हटलं घे काठी आणि कोयता पण घे.

कापत कापत शिरलो. मी पुढे. तिने दोनदा मला मागे ओढलं, मी दोनदा झिडकारलं. गुडघ्याचं काय झालं ते विचारू नकोस, आज जिना उतरता येत नाही. साप एकही नव्हता. एक चप्पल सापडली, कोणाची तरी प्लास्टिकची, अगदी नवीकोरी. वाहून आली असेल. बाबांची नाही, ते अनवाणीच गेले होते, पण तुला वाटलं असेल म्हणून लिहिते.

आत पाचोळ्याचा थर इतका जाड की उभं राहिलं तर गादीसारखं दबतं. इथेच उजेड आपटून परत गेला असणार. मी तिला जागा दाखवली. तिने काठी टेकवली, आणि काठी गेली. पाचोळ्यातून आत, चिखलातून आत, जातच राहिली. तिने वरचं टोक धरून दाबली तेव्हा कुठे टणक लागलं. यंत्रात आकडा आला, तिने नकाशातल्या आकड्याशी लावून बघितला. दोन मीटर दहाचा फरक. नकाशाने जिथे बांध म्हटला होता तिथे खड्डा. तिने दहा पावलं इकडे आणि दहा पावलं तिकडे तसंच केलं, सहा ठिकाणी. जवळजवळ सगळीकडे तेच. बांधाचे दगड फक्त दोन टोकांना लागले, मधलं सगळं गेलेलं.

तिने काठी उपसली. आकडे लिहून झाल्यावर वही बंद केली, तिला रबर लावलं, आणि मग म्हणाली, "बाबांना माहीत होतं?"

मला क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. तुला वाचवावं म्हणून नाही. सवयीने.

मी म्हटलं माहीत होतं, पण मीच त्याला तसं सांगायला लावलं, पत्र लिहून. आणि मग आजोबांचंही सांगितलं. तिथेच उभ्याउभ्या, बोरूत. वहाणांसकट सगळं.

तिने काठीचा चिखल पुसला. खालपासून वरपर्यंत, नीट, फडक्याने. म्हणाली, "तुम्ही दोघं अगदी एकसारखे आहात. मला वाटायचं तुमचं पटत नाही."

दुपारी पेटी उचलून विश्रामगृहावर गेली. खाटेचं भाडं भरेन म्हणाली.

आई


२ एप्रिल, बुधवार

लेका,

नकाशा लागला, कचेरीबाहेर, काचेत. आपली गल्ली निळी आहे. फिकी नाही, गडद. बांधाच्या जागी खिंडार दाखवलं आहे, आणि तिथून पाणी कसं पसरेल त्याला बाण. पहिला बाण आपल्या न्हाणीघरावर येतो. मी बोट ठेवून बघितलं. चांगला काढला आहे, खरं सांगते, पाणी अगदी तसंच आलं होतं.

एकोणीस घरांना महिन्याभरात उठायचं आहे. गल्ली माझ्याशी बोलत नाही. साखर मागायला येणंही थांबलं. एकटी शिंपीण बोलते, तेही टोचायला. परवा नळावर म्हणाली, अगं म्हातारे, विमानाला फसवलं होतंस की, आम्ही सगळे सुखात होतो, मग कोणी सांगितलं होतं काठी खुपसायला? मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याने. ती हसली नाही. पण बादली भरून झाल्यावर माझी पण नळाखाली सरकवली.

तुझ्या मुलीची नोकरी राहिली. साहेब रागावले, पण म्हणाले नियम मोडलास, पण चूक स्वतःच दुरुस्त केलीस, पुन्हा करू नकोस. आता त्यांच्यात जे नवीन येतात त्यांना ती शिकवते की दाट बोरू दिसला तर काठी घेऊन आत जा, आणि आजीचं ऐकू नका. हे तिनेच मला सांगितलं. काल आली होती. चहा घेतला नाही, पण सामान बांधायला दोरी आणली होती. टेबल तिने उलटं करून बांधलं. अर्धा तास बसली. मोठी गुणी आहे, मला तिचा अजूनही इतका आनंद होतो की तिने तोंड फिरवलं तरी मी पाठीकडे बघत बसते.

टेकडीवर मला तिसरा मजला मिळाला आहे. आठ दारांतलं पाचवं.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तुझं ते ‘सुखाने राहा’ मी कधी विसरणार नाही, तूही माझं ‘जा, बांध बघून या’ विसरू नकोस. त्याची फेड होत नाही, मी काढून बघितली.

नवा पत्ता या पत्रावर लिहीत नाही. तुझ्या मुलीकडे दिला आहे. हवा असेल तर तिला फोन कर. पत्ता द्यायच्या आधी ती तुला बांधाचं विचारेल, तेव्हा काय सांगायचं ते या वेळी मी लिहून देणार नाही.

आई